ओठ आधी, आवाज मागून : वर्गातल्या व्हिडिओचा आवाज कमी खर्चात कसा जुळवायचा?



आता बऱ्याच शाळांमध्ये टीव्ही आहे, कुठे प्रोजेक्टर आहे, सोबत लोकवर्गणीतून घेतलेला ब्ल्यूटूथ स्पीकर आहे. पाठाचा व्हिडिओ लावला की मुलं खूश होतात. पण नीट बघितलं तर पुष्कळदा पडद्यावरच्या ताईंचे ओठ मिटून झालेले असतात आणि मग 'म' ऐकू येतो. मोठ्या माणसांना थोडा वेळ खटकतं, नंतर सवय होते. "चालतंय की, ऐकू तर येतंय ना!" असं आपण म्हणतो आणि पुढे जातो.

गाणं किंवा गोष्ट असेल तर खरंच चालतं. पण पहिली-दुसरीच्या वर्गात अक्षरओळख चालू असेल तर चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प, फ, ब, भ, म ही अक्षरं म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. त, थ, द, ध म्हणताना जीभ दातांना लागते. मूल हे कानाने ऐकतं आणि डोळ्याने बघतंसुद्धा. आपणही फळ्यासमोर उभं राहून "माझ्या तोंडाकडे बघा" असं म्हणतोच की! ज्या मुलाला थोडं कमी ऐकू येतं, ते तर ओठांवरच अर्धं काम भागवतं. घरी वेगळी बोली बोलणारं मूलही सुरुवातीला शब्द ओळखायला चेहऱ्याचा आधार घेतं. अशा मुलांसमोर ओठ एक आणि आवाज दुसरा आला, तर व्हिडिओ नसलेला बरा, नुसता आवाज ऐकवलेला बरा.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोन संशोधकांनी १९७६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. आवाज 'बा'चा ऐकवायचा आणि ओठ 'गा' म्हणतानाचे दाखवायचे. बघणाऱ्यांना ऐकू आलं 'दा'! म्हणजे कानावर पडलेलं अक्षर डोळ्याने बदलून टाकलं. मोठ्यांमध्ये हे जास्त दिसलं, पण लहान मुलांमध्येही दिसलं. त्या प्रयोगात मुद्दाम चुकीचे ओठ दाखवले होते. आपल्या वर्गात अक्षरं एकामागून एक भराभर येत असतील आणि आवाज मागे पडत असेल, तर एका अक्षराचा आवाज दुसऱ्या अक्षराच्या ओठांवर जाऊन बसतो.

यावर उपाय म्हणून नवीन टीव्ही घ्यायची गरज बहुतेक वेळा नसते. एका दुकानदाराने आमच्या ओळखीच्या एका शाळेला थेट मोठा साऊंडबार घ्यायला सांगितला होता. तिथे काम झालं ते एका साध्या वायरने. खर्च करायच्या आधी दोनच गोष्टी शोधायच्या : उशीर नेमका कुठे होतोय, आणि मागे कोण आहे, आवाज की चित्र.

किती उशीर चालतो?

आधी हे बघू, म्हणजे उगाच छोट्या फरकासाठी डोकेफोड नको. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मिलिसेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या, म्हणजे आयटीयूच्या, प्रसारणासाठीच्या शिफारशीत असं म्हटलंय की आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाच्या लक्षात येतं, पण आवाज मागून येत असेल तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. आधी आलेला आवाज लवकर खटकतो आणि मागून आलेला आपण बराच वेळ सहन करतो.

असं का? आवाज मागून येणं निसर्गात रोजचंच आहे. वीज आधी चमकते आणि गडगडाट नंतर येतो. लांब नदीवर कुणी कपडे धूत असेल तर धोका आपटलेला दिसतो आणि आवाज मग येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. वर्गात शेवटच्या रांगेतलं मूल स्पीकरपासून ८ मीटरवर असेल तर त्याला आवाज २३-२४ मिलिसेकंद उशिरा मिळतो. त्याची काळजी करायची नाही.

पण मैदानावर हेच गणित बदलतं. २६ जानेवारीला मुलांची लेझीम चालू आहे आणि कुणी पालक ५० मीटर लांबून झूम करून शूटिंग करतोय. चित्र जवळ आलं, आवाज मात्र ५० मीटर चालूनच आला. तो १४५ मिलिसेकंद मागे राहणार. मग व्हिडिओ बघताना वाटतं की मुलं ठेका चुकली. मुलं बिचारी बरोबर असतात! झूम न करता जवळ जाऊन शूट करणं हा यावरचा फुकटचा उपाय. जवळ जाता येत नसेल तर एक फोन हलगीवाल्याजवळ आवाज रेकॉर्ड करायला ठेवा आणि नंतर जुळवा. कसं जुळवायचं ते पुढे सांगते.

आधी तपासणी, मग उपाय

एक तपासणी क्लिप बनवून ठेवा. फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या ढिगावर टेकवा, दीड-दोन मीटरवर समोर उभं राहा आणि मिनिटभर दर तीन-चार सेकंदांनी एक टाळी वाजवा. हात चेहऱ्यासमोर, अंगापासून थोडे पुढे ठेवा, म्हणजे हात कधी जुळले ते स्पष्ट दिसतं. टाळीऐवजी डस्टर टेबलावर आपटलं तरी चालेल.

ही क्लिप आधी फोनच्याच स्पीकरवर बघा. काहीही जोडायचं नाही, ब्ल्यूटूथ बंद. टाळी जुळली तर फोन ठीक आहे. आता तीच क्लिप वर्गातल्या टीव्हीवर, नेहमीच्या स्पीकरसकट लावा. इथे जुळली नाही, तर दोष टीव्ही-स्पीकरच्या जोडणीचा आहे.

पाठाच्या व्हिडिओचंही असंच करा. फोनच्या स्पीकरवर तो पाठ बरोबर वाटतोय आणि वर्गातच बिघडतोय, तर फाईलला हात लावू नका. हे महत्त्वाचं आहे. काही जण वर्गातल्या स्पीकरप्रमाणे फाईलच एडिट करून टाकतात आणि तीच पालकांच्या ग्रुपवर पाठवतात. मग घरी प्रत्येकाच्या फोनवर आवाज ओठांच्या आधी येतो, आणि आधी आलेला आवाज जास्त खटकतो हे आपण वर बघितलंच.

उशीर किती आहे हेही मोजता येतं. वर्गातल्या टीव्हीवर टाळीची क्लिप चालू ठेवून दुसऱ्या फोनने त्या टीव्हीचं शूटिंग करा. फोन स्पीकरच्या जवळ धरा. ते शूटिंग कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये उघडलं की आवाजाची रेघ दिसते आणि टाळीच्या जागी उंच टोक दिसतं. हात जुळल्याच्या चित्रापासून त्या टोकापर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. सेकंदाला ३० फ्रेमचं शूटिंग असेल तर एक फ्रेम म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंद. ६ फ्रेम म्हणजे २०० मिलिसेकंद. पाचवी-सहावीच्या मुलांकडून हे मोजून घेतलं तर गणिताचा एक तासही होऊन जातो.

बहुतेक वेळा गुन्हेगार ब्ल्यूटूथच असतो

ब्ल्यूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग हवेतून तुकड्या-तुकड्याने पाठवला जातो, पलीकडे स्पीकर ते तुकडे थोडे साठवतो, उलगडतो आणि मग वाजवतो. साठवतो अशासाठी की मध्येच तुकडा हरवला तर आवाज तुटू नये. या सगळ्यात साध्या स्पीकरला दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज लागतात. चित्र मात्र टीव्हीवर कधीच येऊन गेलेलं असतं.

इथे एक शंका हमखास येते. "मॅडम, माझ्या फोनला तोच स्पीकर जोडला तर व्हिडिओ बरोबर दिसतो, टीव्हीलाच का बिघडतो?" कारण फोनवरची बरीचशी व्हिडिओ ॲप्स स्पीकरला किती उशीर लागतो याचा अंदाज घेऊन चित्र तेवढंच थांबवून दाखवतात. टीव्ही दर वेळी हे करेलच असं नाही. आणि फोनची स्क्रीन टीव्हीवर कास्ट केली की उशिरात उशीर मिळवला जातो : फोन ते टीव्ही एक उशीर, टीव्ही ते स्पीकर दुसरा उशीर. जेवढ्या बिनतारी उड्या, तेवढी गडबड जास्त.

म्हणून पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय : वायर. ज्या ब्ल्यूटूथ स्पीकरला मागे ऑक्सची पिन असते, त्याला साधी ३.५ मिलिमीटरची ऑक्स केबल लावा. तालुक्याच्या गावात मोबाईलच्या दुकानात ती शंभर रुपयांच्या आसपास मिळते. एक टोक टीव्हीच्या किंवा लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागी, दुसरं स्पीकरला. उशीर जवळजवळ संपतो. केबल घेताना वर्गाचा अंदाज घेऊन लांब घ्या, म्हणजे टीव्हीजवळच स्पीकर ठेवायची सक्ती राहत नाही. मुलांच्या पायात येणार नाही अशी भिंतीच्या कडेने नेऊन चिकटपट्टी लावा.

काही टीव्हींना हेडफोनची जागा नसते. मागे लाल-पांढऱ्या पिनांची 'ऑडिओ आउट' असेल तर त्या पिनांची केबल घ्या. 'इन' आणि 'आउट' नीट वाचा, दोन्ही दिसायला सारखीच असतात. फक्त 'ऑप्टिकल' जागा असेल तर एक छोटा कन्व्हर्टर लागतो, त्याला काहीशे रुपये जातात. ते घ्यायच्या आधी सरळ टीव्हीच्याच स्पीकरवर वर्ग चालवून बघा. वर्ग तीस मुलांचा असेल, पंखे बंद असतील आणि मुलं जवळ बसली असतील, तर पुष्कळदा तेवढा आवाज पुरतो.

फोनला हेडफोनची जागा नसेल तर टाईप-सीची छोटी जोडवायर मिळते. पण स्वस्तातली प्रत्येक जोडवायर प्रत्येक फोनवर चालत नाही. दुकानातच आपला फोन लावून, आवाज ऐकून मगच पैसे द्या.

काही स्पीकर आणि इअरफोनला 'गेम मोड' किंवा 'लो लेटन्सी' अशी सोय असते. आपल्या स्पीकरला असेल तर जरूर चालू करा. पण त्यासाठी नवीन स्पीकर विकत घेऊ नका. अशा काही सोयी पाठवणारं आणि वाजवणारं अशा दोन्ही यंत्रांत असाव्या लागतात, तरच उपयोग होतो.

वायर शक्य नसेल तर व्हीएलसी

लॅपटॉपवरून व्हिडिओ दाखवत असाल तर व्हीएलसी हा फुकट प्लेअर टाकून घ्या. व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचं 'के' दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद उशिरा येतो, 'जे' दाबलं की ५० मिलिसेकंद लवकर येतो. हे विंडोजवरचं झालं. ब्ल्यूटूथमुळे आवाज मागे असेल तर 'जे' दाबत जा. चार वेळा दाबलं की २०० मिलिसेकंद भरले. दाबल्यावर आणखी बिघडतंय असं दिसलं तर दिशा उलटी आहे, दुसरं बटण दाबा. अँड्रॉइडवरच्या व्हीएलसीतही मेनूमध्ये 'ऑडिओ डिले' आहे.

आपल्या वर्गाचा आकडा एकदा सापडला की कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा : "ब्ल्यूटूथ स्पीकर, जे चार वेळा." पुढची फाईल लावली की प्लेअर परत शून्यावर येऊ शकतो, शिवाय तुम्ही रजेवर असाल तेव्हा दुसऱ्या शिक्षकांनाही कळतं.

हा उपाय डाउनलोड केलेल्या फाईललाच चालतो. ज्या ॲपमध्ये किंवा वेबसाईटवर आवाज मागे-पुढे करायची सोय नाही, तिथे वायरच.

मागे चित्र असेल तर

हे जरा कमी होतं, पण प्रोजेक्टर आणि मोठ्या टीव्हीवर होतं. आजचे टीव्ही चित्र जास्त गुळगुळीत, जास्त रंगीत करायला थोडा वेळ घेतात. आवाज वायरने बाहेरच्या स्पीकरला आधीच पोचतो. ओठ मागून हलतात.

इथे दोन रस्ते आहेत. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावला की टीव्ही ही रंगरंगोटी कमी करतो आणि चित्र लवकर येतं. नाहीतर साऊंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले', 'लिप सिंक' किंवा 'ए.व्ही. सिंक' असं काही असेल तर तिथे आवाज थोडा थोडा मागे सारायचा. प्रत्येक कंपनीने नाव वेगळं ठेवलंय, त्यामुळे शोधाशोध करावी लागते. लॅपटॉपवरून दाखवत असाल तर व्हीएलसीचं 'के' आहेच.

एक गोष्ट लक्षात ठेवली की गोंधळ होत नाही : पुढे असलेल्याला थांबवता येतं, मागे असलेल्याला पळवता येत नाही. व्हीएलसीत आपण आवाज 'लवकर' आणतो तेव्हाही प्लेअर खरं तर आवाज आधी पाठवून चित्राला थांबवूनच ठेवत असतो. म्हणूनच समोर चालू असलेल्या गोष्टीला हे लागू होत नाही. ब्ल्यूटूथ माईकवर बोललात की तुमचा आवाज स्पीकरमधून मागूनच येणार, कारण समोर उभ्या असलेल्या बाईंना कोण थांबवणार!

आपणच पाठ शूट करतो तेव्हा

कोविडच्या काळापासून आपल्यापैकी पुष्कळ जण स्वतः पाठ शूट करतात. तिथे साधी गोष्ट : ब्ल्यूटूथ इअरफोनचा माईक वापरू नका. उशीरही येतो आणि आवाजही डबक्यातून आल्यासारखा येतो. वायरचा कॉलर माईक घ्या. त्याच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतील तरच तो थेट फोनला चालतो. दोन रेघांची पिन बहुतेक कॅमेऱ्यासाठी असते.

आवाज वेगळ्या फोनवर रेकॉर्ड करत असाल तर दोन्ही फोन चालू करून सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि पाठ संपल्यावरही एक वाजवा. सिनेमावाले शॉटच्या आधी जी पाटी खटकन आपटतात ती याचसाठी. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि आपल्याकडे पडदा बोलायला लागला, तेव्हापासून चित्र आणि आवाज जुळवणं हे एक कामच होऊन बसलं. एडिटिंग ॲपमध्ये दोन्ही आवाजांच्या रेघांवरची टाळीची टोकं एकाखाली एक आणा, मग कॅमेऱ्याचा आवाज बंद करा. झालं. लेझीमच्या व्हिडिओत टाळीऐवजी हलगीवरची पहिली टिपरी धरायची. फक्त तिथे आवाजाचं टोक लांबच्या फोनच्या रेघेशी जुळवायचं नाही, टिपरी पडतानाच्या चित्राशी जुळवायचं.

शेवटची टाळी का? सुरुवात जुळलेली असते आणि शेवटाकडे आवाज हळूहळू सरकत जातो, असं कधी कधी होतं. दोन फोनची घड्याळं किंचित वेगळी चालतात. पाच-सात मिनिटांच्या पाठात हा फरक सहसा जाणवत नाही. पण एकाच फोनवरचं शूटिंग एडिट करतानाही आवाज सरकत असेल, तर कारण वेगळं असतं. फोन उजेडाप्रमाणे आणि तापल्यावर फ्रेमचा वेग कमी-जास्त करतात, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअर तो वेग कायम एकसारखा आहे असं धरून चालतात. मग आवाज नुसता मागे-पुढे सरकवून भागत नाही, सुरुवात जुळवली की शेवट बिघडतो. अशी फाईल आधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, व्हिडिओच्या पानावर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, नवीन फाईल बनवा आणि ती एडिट करा. जुन्या लॅपटॉपवर याला वेळ लागतो, मधल्या सुट्टीत लावून ठेवायचं. शूट करताना भरपूर उजेडात, खिडकीकडे तोंड करून उभं राहिलात तर हा त्रास मुळातच कमी होतो.

पालकांसाठी थोडं

घरी मूल पाठ बघतंय तर ब्ल्यूटूथ इअरबड काढून ठेवा, फोनच्याच स्पीकरवर किंवा वायरच्या इअरफोनवर बघू द्या. व्हिडिओ अडकत अडकत चालत असेल तर नेटवर सरळ बघण्यापेक्षा आधी डाउनलोड करा. व्हिडिओ कॉलवरच्या तासाला ओठ आणि आवाज जुळत नसतील तर तो बहुधा नेटचा प्रश्न असतो, तिथे वरचे उपाय चालणार नाहीत. नेट कमी पडलं की चित्र अडकतं आणि आवाज पुढे जातो. अशा वेळी शिक्षकांना सांगून अक्षरओळखीचा भाग वेगळा रेकॉर्ड करून मागवा. शिक्षकांनीही तो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे फाईल दाबली न जाता जशीच्या तशी पोचते.

आणि मुलाला कमी ऐकू येत असेल तर शूटिंगमध्ये चेहरा मोठा घ्यायला सांगा, ओठांवर सावली नको, तोंडासमोर माईक किंवा पुस्तक नको. फाईल हातात आली की मुलाला दाखवायच्या आधी 'प', 'ब', 'म' असलेला एखादा शब्द बघून घ्या. ओठ मिटून उघडतात त्याच क्षणी अक्षर ऐकू आलं पाहिजे.